पत्र्यावरचा कीबोर्ड

निवृत्त मास्तरणीच्या घरात दोन गोष्टी हमखास साठतात, लाल शाईची पेनं आणि शाळेतले किस्से. पेनं वाळून जातात, किस्से वाळत नाहीत. आम्ही चौघीजणी रोज संध्याकाळी रहिमतपुरात आमच्या ओट्यावर बसतो. एकीनं सुरुवात केली की दुसरी म्हणते, "थांब, याच्यावरून आठवलं," आणि दिवेलागण होऊन जाते. कुठला किस्सा कुणाचा हेही आता नीट सांगता येणार नाही. पण आज सांगते ते सगळे माझे आहेत. त्यातले काही सांगताना हसायला येतं आणि नंतर आपण का हसलो याची लाज वाटते.

निमित्त झालं भाचीच्या फोनचं. "मावशी, घरात मोबाईल एक आणि पोरं तीन. तिघांचा ऑनलाइन तास एकाच वेळी. कुणाला बसवू?" मी म्हटलं, बाई गं, तुला हा प्रश्न आज पडला, आमच्या शाळेला तो नव्वद सालानंतरच पडला होता. तेव्हा पोरं चारशे आणि टीव्ही एक. पुढं कॉम्प्युटर आला, तोही एकच. आणि कुणाला बसवायचं याचं उत्तर आमच्या हेडसरांकडं तयार होतं.

शाळा रहिमतपूरपासून सायकलच्या अंतरावर होती. गावाचं नाव सांगत नाही. हेडसर गेले, पण त्यांची मुलं-सुना गावातच आहेत. मी मोहितेबाई, गणिताची. नवरा फौजेत, त्यामुळं मी सासूबाईंजवळ राहून नोकरी केली.

*

आधी टीव्ही आला. सरकारी योजनेतला, रंगीत. सकाळी शाळांसाठी पाठ दाखवायचे, ते मुलांना दाखवा असा हुकूम होता. पहिल्या दिवशी हेडसरांनी टीव्ही त्यांच्या ऑफिसच्या खिडकीत ठेवला आणि सगळी शाळा पटांगणात बसवली. पुढच्या दोन रांगांना चित्र दिसलं. तिसऱ्या रांगेला काचेत स्वतःचीच तोंडं दिसली, ऊन समोरून होतं ना! त्याच्या मागं बसलेल्यांना फक्त पुढच्यांची टाळकी.

त्यावर हेडसरांनी तोड काढली. भूगोलाच्या सरांना माईक देऊन खिडकीजवळ उभं केलं. टीव्हीत जे दिसेल ते सरांनी क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं सांगायचं. "आता नदी दिसते आहे. नदी वळली. आता एक बाई नकाशावर काठी ठेवते आहे." तीनशे पोरांनी टीव्ही हा असा कानानं बघितला.

आमचे शिपाई शंकरमामा तेवढा वेळ गच्चीवर अँटेना धरून उभे. हात काढला की पडद्यावर मुंग्या यायच्या, धरला की चित्र स्वच्छ. म्हणून ते पूर्ण पाठ संपेपर्यंत धरूनच राहायचे. असं दोन वर्षं चाललं. एकदा मी विचारलं, मामा, टीव्हीवर काय काय दाखवतात हो? ते म्हणाले, "मला काय ठावं बाई? मी टीव्हीच्या वरच्या अंगाला असतो."

महिन्याच्या अखेरीला तक्ता भरून पाठवायचा असायचा. त्यात एक रकाना होता, 'पाठ पाहिलेले विद्यार्थी'. आम्ही दर महिन्याला शाळेचा पूर्ण पट लिहीत होतो. वरून कधीही कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही कधी सांगितलं नाही.

*

मग कॉम्प्युटर येणार असं कळलं. त्याच्या आधी शिकवणारं माणूस तयार व्हायला हवं, म्हणून गणिताची बाई या नात्यानं मला सांगलीला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं आम्ही तीसजण आणि कॉम्प्युटर सहा. एकेकावर पाच-पाचजण. पहिल्या दिवशी ज्यानं कीबोर्डसमोरची खुर्ची धरली त्यानं ती दहाव्या दिवसापर्यंत सोडली नाही. आमच्या खुर्चीवर सांगलीतल्याच एका मोठ्या शाळेतले सर होते. त्यांच्या शाळेत म्हणे आधीच आठ कॉम्प्युटर होते. म्हणजे ज्यांना येत होतं तेच शिकत होते, आणि आम्ही मागं उभ्या राहून वहीत उतरवून घेत होतो.

मी दोनशे पानी वही भरली. कुठली कळ कुठं, कुठली दाबल्यावर काय होतं, बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम कसे लिहायचे, सगळं. टायपिंगच्या क्लासातला एक नियमही तिथल्या मॅडमनी सांगितला होता, तो मी लाल शाईनं चौकटीत लिहिला. 'बोटं कळांवर, नजर कागदावर. मान वर-खाली करायची नाही.' शेवटच्या दिवशी मी मॅडमना म्हटलं, मला एकदा स्वतःचं नाव टाइप करून बघू दे. त्यांनी करू दिलं. मोहिते हे नाव अर्धं झालं आणि चहाची सुट्टी झाली.

सर्टिफिकेटवर लिहिलं होतं, 'प्रावीण्यासह उत्तीर्ण'. ते अजून माझ्या कपाटात आहे.

*

कॉम्प्युटर आला तो बैलगाडीतून. डांबरी रस्त्यावर टेम्पोवाल्यानं उतरवून दिला, पुढं चिखल होता. लेझीम लावून वाजतगाजत आणला. वाचनालयाची खोली त्याला दिली आणि वाचनालयाची पुस्तकं पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवली. खोलीला फरशी, पडदे आणि नवा पंखा. सगळ्या शाळेत हेडसरांच्या ऑफिसनंतर पंखा फक्त तिथं.

दारावर पाटी रंगवायला वस्तीवरचे कांबळे पेंटर आले. सगळ्या पंचक्रोशीतल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. अक्षर असं की छापलंय असं वाटावं. 'संगणक कक्ष' असं लिहून खाली कॉम्प्युटरचं चित्र काढायचं होतं. ते म्हणाले, एकदा आत डोकावून बघतो, म्हणजे चित्र बरोबर येईल. हेडसरांनी त्यांना खोक्याबरोबर आलेला छापील कागद दिला आणि म्हणाले, यावरून काढा, आत रंगाचे थेंब पडायला नकोत.

पेंटरनी कागदावरून काढलं. चित्र हुबेहूब. खाली हेडसरांनी सांगितलं तेही लिहिलं, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. डबा उचलताना मला म्हणाले, "बाई, माझी सुजी आठवीत हाय तुमच्या. तिला इचारीन मी, आत काय हाय ते." मी मान डोलावली. सुजाता क तुकडीत होती.

*

क तुकडीबद्दल सांगायला हवं. अ तुकडीत गावातली, ऊसवाल्यांची, नोकरदारांची पोरं. क मध्ये वस्तीवरची, माळावरची. तुकड्या मार्कांवर पडतात असं हेडसर म्हणायचे. सुजाता कांबळेला गणितात माझ्या हातून कधी नव्वदच्या खाली मार्क पडले नाहीत. तिला अ मध्ये घ्या असं मी एकदा म्हटलं. ते अगदी मायेनं म्हणाले, "बाई, तिला तिच्या लोकांत बरं वाटतं." मी पुढं बोलले नाही. मी कुठं कुठं बोलले नाही त्याची यादी मोठी आहे, तेव्हा हा एक सोडून द्या.

तर कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चप्पल बाहेर. दर शुक्रवारी मशीनला फूल, दसऱ्याला हळद-कुंकू आणि नारळ. शिवणाच्या बाईंनी त्याला झालरीचं कव्हर शिवलं. किल्ली हेडसरांच्या खिशात. हेडसर मीटिंगला साताऱ्याला गेले की किल्लीही साताऱ्याला जायची. आणि पंखा मात्र कायम चालू, कारण मशीनला गरम सोसत नाही असं कागदावर लिहिलेलं होतं.

मार्च महिना, क तुकडीचा वर्ग पत्र्याखाली. माझ्याच तासाला सुजाता उभ्याउभ्या खाली कोसळली. मी आणि शंकरमामांनी तिला उचललं आणि जिथं पंखा आहे तिथं नेलं. फरशीवर निजवून मी तिच्या तोंडावर पाणी मारतेय तोवर हेडसर धावत आले. दारातूनच ओरडले, "आधी तिच्या पायातली चप्पल काढा!"

शंकरमामांनी तिचे पाय बघितले, मग हेडसरांकडं बघितलं. तिच्या पायात चप्पल नव्हतीच. ती रोज अनवाणीच यायची.

पोरीनं डोळे उघडले तेव्हा समोर झालरीचं कव्हर होतं. पहिला शब्द बोलली तो हा, "बाई, ह्याच्या खाली हाय व्हय त्यो?" पुढच्या आठवड्यात क तुकडीतली आणखी तीन पोरं चक्कर येऊन पडली! मग नोटीस निघाली की चक्कर येणाऱ्या विद्यार्थ्यांना व्हरांड्यात निजवावे.

*

कॉम्प्युटरचं वेळापत्रक असं होतं. अ तुकडीला प्रॅक्टिकल, ब आणि क तुकडीला थिअरी. प्रॅक्टिकल म्हणजे हेडसर कव्हर काढणार, कधी मशीन चालू करणार, कधी नाही, आणि अ तुकडीनं मांडी घालून बघायचं. थिअरी म्हणजे मी आणि माझी दोनशे पानी वही.

मी फळ्यावर खडूनं कीबोर्ड काढायची. पोरं बाकावर बोटं आपटून टाइप करायची. तास संपला की पुढचे सर तो पुसायचे आणि दुसऱ्या आठवड्यात मी तो पुन्हा काढायची. नववीत गेल्यावर सुजातानं मला विचारलं, बाई, दोन कळांत अंतर किती असतं? फळ्यावर तर एक कळ पाटीएवढी आहे. मग एक दिवस हेडसर खोलीचं दार उघडून फोन घ्यायला गेले असताना मी कीबोर्डवर वर्तमानपत्र पसरलं आणि वरून शिसपेन्सिल घासली. सगळ्या कळा कागदावर उमटल्या. तो कागद घडी करून मी तिला दिला. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढी एकच चोरी केली.

पेंटरनी जुन्या पाटीचा पत्रा कापला, त्याला पांढरा हात दिला आणि कागदावरून एकेक कळ रंगवली. काळे चौकोन, त्यावर पांढरी अक्षरं. मोजमाप असं की खऱ्यावर ठेवला तर कळेवर कळ बसावी. सुजाता तो पत्रा दप्तरात घालून रोज आणायची. मधल्या सुट्टीत क तुकडीची रांग लागायची. प्रत्येकाला एक ओळ टाइप करायची पाळी. ही पाळी तिनं कधी चुकवू दिली नाही, आणि कुणाला कुठल्या तुकडीचा हेही विचारलं नाही. अ मधली दोन-तीन पोरंही यायला लागली.

मी तिला तो चौकटीतला नियम शिकवला होता. बोटं कळांवर, नजर कागदावर. दहावीपर्यंत ती अशी झाली की पुढं कागद ठेवला की मान हलायची नाही आणि पत्र्यावर पावसासारखा आवाज यायचा. स्टाफरूममध्ये बसून मला कळायचं, ही सुजाताच आहे. मी हेडसरांना म्हटलं, शाळेत आता दोन कॉम्प्युटर झालेत. त्यांना विनोद आवडला. पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी तो स्वतःचा म्हणून सांगितला.

*

नववीच्याच वर्षी जानेवारीत तपासणीला साहेब आले. आदल्या दिवशी मशीन चालू करून बघितलं, चालत होतं. साहेब म्हणाले, कुणा विद्यार्थ्याला त्याचं नाव टाइप करायला सांगा. अ तुकडीचा मॉनिटर बसला. बिचारा हुशार होता, पण त्यानं मशीनला कधी हात लावला होता? एकेक अक्षर शोधता शोधता त्याला घाम फुटला. साहेबांचा चहा पिऊन झाला, सुपारी कातरून झाली, तरी आडनाव राहिलंच होतं.

साहेबांनी विचारलं, याच्यापेक्षा जरा जलद कुणी आहे का? मी म्हटलं, क तुकडीत एक मुलगी आहे. हेडसर लगेच म्हणाले, "साहेब, क ला प्रॅक्टिकल नसतं. वेळापत्रकात बसत नाही." साहेब वेळापत्रक बघून म्हणाले, शिस्त चांगली आहे तुमच्याकडं.

शेरेबुकात त्यांनी लिहिलं ते मी पाठ केलंय. 'संगणक सुस्थितीत आढळला. धूळ नाही.' त्या दिवसानंतर हेडसरांनी मशीन पुन्हा चालू करायचा धोका पत्करला नाही.

*

दहावीच्या परीक्षेच्या आधी एक पत्रक आलं. सांगलीतल्या एका संस्थेचं. सातारा-सांगलीतल्या खेड्यांतल्या मुलींसाठी वर्षाचा कॉम्प्युटर कोर्स, मोफत, राहायची-जेवायची सोय, नंतर नोकरीला लावून देणार. जागा थोड्या. मे महिन्यात सांगलीत प्रॅक्टिकल परीक्षा, त्यावर निवड.

सुजाताची थोरली बहीण शिरवळला दिली होती. ती तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. दहावी झाली की सुजातानं तिच्याकडं जायचं आणि तिच्याबरोबर कामाला लागायचं, असं घरात ठरलेलं होतं. पेंटर पत्रक घेऊन माझ्याकडं आले. दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ही परीक्षा निघाली तर मी तिला शिरवळला धाडत न्हाई. न्हाई निघाली तर मग माझ्या हातात काय न्हाई." एवढं साधं होतं. सांगली की शिरवळ, ते त्या एका दिवसावर.

मी हेडसरांकडं गेले. एक तास, फक्त एक तास तिला खऱ्या मशीनवर बसू द्या. हेडसर माणूस वाईट नव्हता हो. त्यांनी शनिवार दिला. शनिवारी दिवसभर वीज नव्हती. पुढच्या शनिवारी ते साताऱ्याला, अर्थात किल्लीही साताऱ्याला. तिसऱ्या शनिवारी दार उघडलं, सुजातानं उंबऱ्याबाहेर पाय पुसले, मी कव्हर काढलं, हेडसरांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही.

कुपवाडच्या कारखान्यांतली मशीनं दुरुस्त करणारा एक मेकॅनिक मोटारसायकलवरून आला. त्यानं विचारलं, शेवटचं कधी चालू केलं होतं? हेडसर म्हणाले, तपासणीला साहेब आले होते तेव्हा. त्यानं मागचे स्क्रू काढून पत्रा ओढला. आत उंदरांचं घर! वायरी कुरतडलेल्या, आणि सगळ्या तारांवर मऊ गादी केलेली, तपकिरी, काथ्याची. त्यात चार पिल्लं.

मेकॅनिक म्हणाला, एवढा काथ्या आला कुठनं? मशीनच्या शेजारी पाटावर दसऱ्याचा नारळ होता. त्याच्या आधीच्या दसऱ्याचाही होता. दोन्हींची शेंडी गायब.

हेडसर खुर्चीवर बसले. मग हळूच म्हणाले, "पूजा तर एकदाही चुकली नव्हती."

नवीन सुटे भाग यायला दोन महिने लागणार होते. परीक्षा बारा दिवसांवर. सुजाता उंबऱ्याबाहेर अजून उभीच होती. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस. खरं आणि पत्रा, सगळं सारखंच असतं. तू फक्त बोटं कळांवर आणि नजर कागदावर ठेव. हे वाक्य माझं आहे. ते मी कुणावर ढकलणार नाही.

*

आता शेवटचं. निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. यादीत तिचं नाव नव्हतं. जूनमध्ये ती शिरवळला गेली. तिथंच लग्न झालं. पुढं कधी भेटली की पाया पडते.

परीक्षेला आम्ही तिघं गेलो, ती, पेंटर आणि मी. रहिमतपूर स्टेशनवरून पहाटेची पॅसेंजर. पेंटरनी पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतला होता. किर्लोस्करवाडी गेल्यावर सुजातानं तो मागून घेतला आणि सांगलीपर्यंत टाइप करत बसली. समोरच्या बाकावरची बाई विचारत होती, पोरगी काय वाजवतीया?

परीक्षा एका इंग्रजी शाळेत होती. दारात सुजातानं नव्या चपला काढल्या. पेंटरनी तिला त्या परीक्षेसाठीच घेतलेल्या होत्या. बाकीच्या मुली बूट घालून आत गेल्या. दारातल्या सरांनी तिला सांगितलं, अगं, घालून ये. ती म्हणाली, नको. आत वीस कॉम्प्युटर. सरांनी सगळे आधीच चालू करून ठेवले होते. प्रत्येकीपुढं एक कागद, त्यावर प्रोग्रॅम. तो टाइप करून चालवून दाखवायचा.

पेंटर आणि मी बाहेर खिडकीशी. मशीनची पाठ खिडकीकडं होती, त्यामुळं आम्हाला पडदे दिसत नव्हते, फक्त मुलींची तोंडं आणि हात. घंटा झाली. सुजातानं कागदावर नजर लावली ती लावली. बाकीच्या मुली दोन अक्षरं टाइप करायच्या, मान वर करून पडद्याकडं बघायच्या, पुन्हा खाली बघायच्या. माझ्या पोरीची मान हलली नाही. पेंटरनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना म्हटलं, बघा, अशी सवय लावायला दोन वर्षं लागतात.

अर्धा तास झाला असेल, आतले पंखे थांबले. वीज गेली. मे महिना, दुपार, नेहमीचंच. आतून मुलींचा कलकलाट झाला. सगळ्यांनी हात कळांवरून काढले. सर बोर्डाकडं, फ्यूज बघायला बाहेर धावले. कलकलाट विरला तेव्हा त्या खोलीतून एकच आवाज येत होता, टक टक टक टक. सुजाता थांबली नव्हती. मला वाटलं, हुशार आहे, तेवढ्यात सराव करून घेते.

पाचेक मिनिटांत वीज आली. पंखे फिरले. सगळ्या मुली खाली वाकल्या, बटण दाबायला. ओळीनं, एकेक. सुजाता वाकली नाही. तिला एवढं पुढं जायचं होतं की मला ते कौतुकच वाटलं. मी पेंटरच्या दंडाला हात लावला आणि म्हटलं, "बघा, सगळ्या पोरी थांबल्या. तुमची एकदापण थांबली नाही."

पेंटरनी डोळे पुसले. वर्तमानपत्रातला पत्रा छातीशी धरून ते तिच्याकडं बघत राहिले.

शेवटची घंटा झाली तेव्हा तिनं शेवटची कळ दाबली आणि हात मांडीवर घेतले. तिचा प्रोग्रॅम पुरा झाला होता, बाकीच्या बहुतेकींचा राहिला होता. सर एकेक मशीन बघत, वहीत मार्क मांडत येत होते. तिच्याजवळ आले आणि उभेच राहिले. त्यांनी पडद्याकडं बघितलं, खाली वाकून बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. दार उघडं होतं, म्हणून मला स्वच्छ ऐकू आलं.

सर म्हणाले, "बाळ, वीज आल्यावर तू मशीन चालूच केलं नाहीस. इतका वेळ बंद पडद्यावर टाइप करत होतीस?"

ती उभी राहिली. आमच्याकडं सर बोलले की उभं राहून उत्तर द्यायचं असतं.

"व्हय सर," ती म्हणाली. "आमच्या शाळंत बंदच असतोय."